वेबसाइट सुटसुटीत झाली, पण पुस्तक सापडेना

पानपालवी

मंडळी, गेल्या वर्षी मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट नव्याने करून दिली. शाळेत असताना उन्हाळ्याच्या अख्ख्या सुट्ट्या तिथल्या बाकावर काढल्यात, म्हणून पैसे न घेता, जीव ओतून केलं. मी वेबडिझायनर आहे, ठाण्यात असते.

जुनी वेबसाइट म्हणजे डोक्यावर लाल अक्षरांची धावती ओळ, डावीकडे एकतीस दुवे, उजवीकडे कार्यकारिणीचे फोटो, मध्ये दोन वर्षांपूर्वीच्या व्याख्यानमालेचा फलक आणि तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा. मी सगळं काढलं. पांढरंशुभ्र पान, पुस्तकांच्या मांडणीचा स्क्रीनभर फोटो, त्यावर बारीक अक्षरांत वाचनालयाचं नाव, खाली राखाडी रंगात एक वाक्य. बाकी सगळं उजव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांत. सहकाऱ्यांनी कौतुक केलं, मलाही ते पान फार आवडलं होतं.

दोन महिन्यांनी ग्रंथपालबाईंचा फोन आला. म्हणाल्या, पूर्वी दिवसाला दोन-तीन फोन यायचे, आता दहा-बारा येतात. वाचनालय कधी उघडतं? अमुक पुस्तक आहे का? वर्गणी किती? हे सगळं वेबसाइटवर होतं, पण त्या तीन रेघांवर कुणी बोटच ठेवत नव्हतं. एका आजींनी सांगितलेलं तर मनातून जातच नाही. पान अजून उघडतंय असं समजून त्या पुढचा मजकूर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. माझ्या कोऱ्या जागेचा अर्थ त्यांच्यासाठी ‘अजून आलं नाही’ असा होता.

ही शैली कुठून आली ते माहीत आहे. १९९८ मध्ये याहूचं पान दुव्यांनी गच्च असताना गूगलने एक नाव आणि एक शोधचौकट जवळपास एवढंच ठेवलं. २०१० मध्ये विंडोज फोन ७ ने सपाट चौकोन आणले. २०१३ मध्ये आयफोनच्या आयओएस ७ ने कॅलेंडरवरची चामड्याची शिवण उसवून टाकली, २०१४ मध्ये गूगलचं मटेरियल डिझाइन आलं. त्यानंतर स्क्रीनभर फोटो, तीन रेघांचा मेनू, नुसत्या किनारीची पोकळ बटणं, अधोरेखा नसलेले दुवे, फिकट बारीक अक्षरं हे सगळं एकत्रच येऊ लागलं. मीही ते एकत्रच उचललं.

मला ती लाल धावती ओळ परत आणायची नाही. पण काय काढायचं आणि काय ठेवायचं हे तुम्ही कसं ठरवता? वाचक म्हणून, करणारे म्हणून, दोन्ही बाजूंनी सांगा. दुवा माझ्या प्रोफाइलमध्ये आहे.

जुना_वाचक

पानपालवीताई, मी डिझाइनवाला नाही, एकाहत्तर वर्षांचा वाचक आहे. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, डाव्याचा काढायचाय. तुमचं पान पाहिलं. फोटो सुंदर आहे. खालचं राखाडी वाक्य मला वाचता आलं नाही. नातीला बोलावलं, तिने वाचून दाखवलं.

कोरी जागा मला आवडते. चांगल्या छापलेल्या पुस्तकाला चारी बाजूंनी समास असतो, अंगठा ठेवायला जागा असते. पण त्या समासाच्या आतली शाई काळीभोर असते! जागा सोडली म्हणून शाई पातळ करावी लागते हे कुठल्या छापखान्यात चालत असेल असं वाटत नाही.

गोदाकाठ

जुना_वाचक काकांच्या तक्रारीला मापही आहे. डब्ल्यूसीएजी नावाचे वेबसुलभतेचे निकष आहेत. त्यांची दुसरी आवृत्ती २००८ ची, आणि त्यात साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी विरोध, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १ हवा असं लिहिलंय. मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. डिझाइनवाल्यांचा लाडका राखाडी, रंगाच्या कोडमध्ये सहा वेळा ९ लिहिला की येतो तो, पांढऱ्यावर जेमतेम २.८५ भरतो. ७६७६७६ घेतला की ४.५४, म्हणजे काठावर पास. ताई, तुमचं वाक्य मी मोजलं, ते त्या लाडक्या राखाडीतच आहे.

दुसरं वजनाचं. पानावर दोन ओळी मजकूर आणि तो फोटो ३.८ एमबी. डोळ्यांना हलकं दिसणारं पान मोबाइलच्या डेट्याला जड असू शकतं, आणि आमच्या आडगावाकडच्या टॉवरखाली ते फार लवकर कळतं. आजी वाट पाहत बसल्या त्यात त्या फोटोचाही हात असणार. पानावरचा सर्वात मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा हा गूगलचाच निकष आहे. माझ्या फोनवर तुमचा फोटो यायला नऊ सेकंद लागले.

मी स्वतः आधी वजन कमी करतो, दिसणं नंतर. फोटो योग्य मापाचा आणि वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात घेतला तर दीड-दोनशे केबीत सहज बसेल.

शिरोरेखा

बऱ्याच दिवसांनी आवडीचा विषय आला, जरा लांबण लावते. मी अक्षररचनेचं काम करते.

वेबवरच्या या शैलीचं बीज स्विस मुद्रणकलेत आहे. जाळीवर आखलेलं पान, डावीकडून सरळ लावलेला मजकूर, हेल्व्हेटिकासारखा निर्विकार टाइप. हेल्व्हेटिका १९५७ चा. ती सगळी मापं रोमन लिपी पुढ्यात ठेवून ठरली. त्या लिपीत अक्षराच्या वर-खाली फारसं काही घडत नाही. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, पायमोडकी जोडाक्षरं. म्हणजे एका ओळीचे तीन मजले. परदेशी साच्यात शीर्षकाची ओळउंची, म्हणजे अक्षराच्या मापाच्या किती पट जागा एका ओळीला द्यायची ते, १.१ ठेवलेली असते. त्यात मराठी मजकूर ओतला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो. ताईंच्या पानावर वाचनालयाच्या नावातला रफार कापला गेलाय, झूम करून बघा. मी मजकुराला १.७ च्या खाली जात नाही, शीर्षकालाही १.३ तरी देते.

दुसरी खोड अक्षरांमधल्या अंतराची. इंग्रजीत कॅपिटल अक्षरं विरळ मांडली की सुबक दिसतात. तीच सेटिंग देवनागरीला लागली की शिरोरेखा तुटते. ती मुळात अखंड रेघ नसतेच, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरचा तुकडा शेजारच्या तुकड्याला टेकलेला असतो. अंतर वाढवलं की तुकडे सुटतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. देवनागरीसाठी ते अंतर शून्य. यात मी तडजोड करत नाही.

तिसरी, बारीक वजनं. आपल्याला कॅपिटल नाहीत, त्यामुळे हे शीर्षक आणि हा मजकूर असा भेद आकाराने आणि जाडीनेच दाखवता येतो. सगळंच बारीक केलं तर भेद दाखवायला हातात उरतं काय? शिवाय एका पिक्सेलपेक्षा बारीक रेघ साध्या स्क्रीनवर काळी उमटतच नाही, यंत्र ती राखाडी करून दाखवतं. गोदाकाठ, म्हणून तुमच्या मापाने पास झालेला काळा रंगसुद्धा बारीक फॉन्टमध्ये डोळ्यांना फिकट लागतो. मापाबरोबर डोळाही लावायला हवा.

आणि एक, जे मला जिव्हाळ्याचं आहे. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये लिहा. ते एवढंसं असतं, पण नोटो सान्स देवनागरीसारखे फॉन्ट ते वाचून मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ देतात. नाही सांगितलं तर हिंदी वळण येतं. राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाण अक्षरवळणांचा निर्णय काढला, पण वाचनालयाच्या वेबसाइटवर ती वळणं दिसायची तर कोडमध्ये ती नोंद कुणीतरी करायला हवी. र. कृ. जोशींनी विंडोजसाठी मंगल हा फॉन्ट घडवला तेव्हा स्क्रीनवर देवनागरी नीट दिसणं हीच मोठी गोष्ट होती. आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ आहे, इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘हिंद’ आहे, दोन्ही विनामूल्य. आता निवड आपल्या हातात आहे तर ती काळजीने करू या.

चितारगल्ली

मला थोडं वेगळं म्हणायचंय. धाग्याचा सूर मिनिमलिझमच्या, म्हणजे कमीत कमी ठेवण्याच्या शैलीच्या, विरोधात चाललाय आणि माझा अनुभव उलटा आहे.

आमचं लाकडी खेळण्यांचं छोटं दुकान आहे, सावंतवाडीकडचं. लाखेच्या कामाचे रंग तुम्हाला माहीत असतील, लालभडक, पोपटी, हळदपिवळा. पहिल्या वेबसाइटवर करणाऱ्याने चारी बाजूंना नक्षी, मागे कापडाचा पोत आणि डोक्यावर तोरण लावलं होतं. त्यात आमची फळं आणि भातुकली दिसेचनात. गर्दीत हरवलेल्या पोरासारखी गत.

मग भाचीने साधं पान केलं. पांढरी पार्श्वभूमी, एक खेळणं, खाली नाव, उंची, किंमत आणि ‘मागवा’ एवढं एक बटण. रंग एकदम बोलायला लागले. पूर्वी लोक फोन करून ‘हे नक्की केवढं आहे’ विचारायचे, आता थेट मागवतात. त्यामुळे कोऱ्या जागेला दोष देऊ नका. आमच्या खेळण्यांना तिने मान मिळवून दिला.

पानपालवी

चितारगल्ली, हे वाचून बरं वाटलं. तुमच्या भाचीने जे केलं ते मी केलं नाही, हे आता दिसतंय. तिने खेळणं, किंमत, बटण ठेवलं आणि बाकीचं काढलं. मी मात्र पुस्तक शोधायची चौकट आणि वेळापत्रक झाकून ठेवलं आणि देखावा ठेवला.

शिरोरेखाताई, रफार खरंच कापला गेलाय. वर्षभर रोज पाहत होते, एकदाही लक्षात आलं नाही. फार लागलं ते.

टोकियोची_तुळस

इथे अकरा वर्षं राहते. जपान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोकळी खोली, एक चटई आणि एक फुलदाणी येते. मुजीसारखे इथले ब्रँड १९८० पासून तेच विकतात. पण याहू जपान किंवा राकुतेन हे ऑनलाइन दुकान उघडून बघा. पान ओसंडून वाहतंय, किमती, सवलती, सूचना, छोट्या अक्षरांचे रकाने. सुपरमार्केटची पत्रकंही तशीच असतात.

सुरुवातीला मला ते गबाळं वाटायचं. आता राइसकुकर घ्यायचा असला की मीच ते लांबलचक पान शेवटपर्यंत वाचते, कारण दुकानदाराला विचारावेत असे सगळे प्रश्न तिथेच सुटलेले असतात. कांजी, म्हणजे चिनीवरून आलेल्या जपानी लिपीतलं, एकेक अक्षरही पुष्कळ सांगतं, दोन खुणांत अख्खा शब्द बसतो, म्हणून नजर ती गर्दी पेलते. सांगायचं एवढंच की गच्च पान म्हणजे मागासलेलं पान असं मी आता म्हणत नाही. आपल्या वर्तमानपत्रांची पहिली पानं तरी कुठे मोकळी असतात, आणि घरातले सगळे त्यात आपापलं काढून वाचतातच ना?

कानसेन

मी स्क्रीन वाचत नाही, ऐकतो. जन्मापासून दिसत नाही. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारे प्रोग्रॅम वापरतो, संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक.

माझ्या बाजूने दोन्ही सांगतो. एकतीस दुव्यांचं पान मला प्रत्येक वेळी ऐकत ऐकत ओलांडावं लागायचं, म्हणून काटछाट ही माझ्यासाठी मोठी सोय आहे. पण नव्या पानांवर शब्द काढून चिन्हं ठेवतात आणि त्या चिन्हांना कोडमध्ये नाव देत नाहीत. मग माझ्या कानावर पडतं, ‘बटण, बटण, बटण’. कुठलं बटण? पानपालवीताई, तुमच्या वेबसाइटवर तीन रेघांना नाव नाही, शोधाच्या भिंगालाही नाही. सदस्यत्वाच्या अर्जात रकान्यांची नावं रकान्याच्या आतच फिकट लिहिली आहेत. लिहायला लागलं की ती पुसली जातात, मग मी कुठल्या रकान्यात आहे हे कळायला सगळं खोडावं लागतं. हे डोळस माणसांनाही होत असणार.

भाषेबद्दल शिरोरेखाताई बोलल्या ते माझ्यासाठी अक्षरवळणाच्या पुढचं आहे. पानाची भाषा चुकीची नोंदवली तर इंग्रजी आवाज मराठी मजकुरावर चालून जातो आणि काही कळत नाही.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, सरकारी वेबसाइटसाठी २००९ पासून मार्गदर्शक सूचनाही आहेत. छोट्या वाचनालयाला कुणी विचारायला येणार नाही. पण श्राव्य पुस्तकांचा विभाग तुमच्याकडे आहे असं मी मोठ्या खटपटीने शोधून काढलं. तो ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच तो सापडत नाही.

थेम्सकाठ

कानसेन, तुमच्या प्रतिसादावरून एक उदाहरण द्यायचं सुचलं. ब्रिटिश सरकारची गव्ह डॉट यूके ही वेबसाइट. ऑक्टोबर २०१२ मध्ये आली, त्याआधीच्या डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक या दोन मोठ्या वेबसाइटांची जागा घेतली. २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने तिला वर्षातल्या सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार दिला. एका सरकारी वेबसाइटला!

तिच्यात मिरवायला काही नाही. पांढऱ्यावर काळी ठसठशीत अक्षरं, दुव्यांना अधोरेखा, सुरू करायला एक हिरवं भरीव बटण, बहुतेक अर्जांत एका पानावर एकच प्रश्न. अक्षरं रस्त्यावरच्या पाट्यांच्या टाइपमधून घडवलेली, त्या पाट्यांच्या अक्षररचनेतल्या मार्गारेट कॅल्व्हर्ट यांचा याही कामात हात होता. भर पावसात, चालत्या गाडीतून वाचता यावं म्हणून बेतलेलं अक्षर. गाडीचा कर भरताना मला कुठेही थांबून विचार करावा लागला नाही.

मला त्यातलं सगळ्यात मोठं काम वाक्यांचं वाटतं. त्यांनी नक्षी काढली हे खरं, पण त्याहून जास्त सरकारी भाषा काढली. आपल्याकडे ‘सदर सुविधेचा लाभ घेण्याकरिता सभासदांनी विहित नमुन्यात’ हे कायम ठेवून बाजूला पांढरी जागा सोडतात. ताई, वाचनालयाच्या नियमांचं पान तुम्ही तसंच ठेवलंय का?

पानपालवी

हो, जसंच्या तसं. अकरा नियम, त्यातले चार एकच गोष्ट सांगतात. ग्रंथपालबाईंबरोबर बसून ते पुन्हा लिहिते.

गोदाकाठ

तीन रेघांबद्दल थोडं भांडायचंय. ती खूण नवी नाही, नॉर्म कॉक्स यांनी १९८१ च्या झेरॉक्स स्टार या संगणकासाठी काढली होती. फोनवर जागाच नसते म्हणून ती परत आली. चाळीस दुवे असतील तर त्यांना कुठेतरी कोंबावं लागणारच. तेव्हा ती सरसकट वाईट असं मला वाटत नाही.

शिरोरेखा

गोदाकाठ, चाळीस असतील तर. वाचनालयाला चाळीस कशाला? पुस्तक शोधा, वेळ आणि पत्ता, सदस्य व्हा, कार्यक्रम. चार शब्दगट फोनच्या रुंदीत दोन ओळींत बसतात. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या नील्सन नॉर्मन ग्रुपने २०१६ मध्ये चाचण्या घेतल्या, त्यात झाकलेला मेनू उघड्या मेनूपेक्षा बराच कमी वापरला गेला. त्यांचीच २०१७ ची पाहणी सपाट बटणांची आहे. बटण बटणासारखं दिसत नव्हतं तिथे लोकांना हवं ते शोधायला २२ टक्के जास्त वेळ लागला. तीन रेघा ठेवायच्याच असतील तर शेजारी ‘मेनू’ लिहा. दोन अक्षरांनी पान अडगळीचं होत नाही.

गोदाकाठ

‘मेनू’ लिहायला माझी पूर्ण मान्यता. उघडे चार दुवेही मान्य. मोठ्या पोर्टलांबद्दल माझं मत तेच राहील.

ताई, नव्या फॅशनींपासूनही जपा. २०२० च्या आसपास न्यूमॉर्फिझम आलं, बटण पानाच्याच रंगाचं, नुसत्या सावलीवर ओळखायचं. उन्हात काही दिसत नाही. मग धुरकट काचेची चौकट आली, २०२५ मध्ये ॲपलने लिक्विड ग्लास आणला, आणि काचेमागचा मजकूर अक्षरांत मिसळतो म्हणून लोकांनी तक्रारी केल्या. प्रत्येक लाटेत पहिला बळी वाचनीयतेचा जातो.

जुना_वाचक

काळ्या पानावर पांढरी अक्षरं हा प्रकारही सक्तीने लावू नका. रात्री नातीला बरा वाटतो, मला अक्षरं पसरलेली दिसतात. ज्याला हवं त्याने निवडावं.

आणि एक विनंती. जुन्या पानावर देणगीदारांची नावं होती, ती तुम्ही काढलीत. माझ्या गावच्या वाचनालयात ती दारातल्या संगमरवरी पाटीवर आहेत. कुणी पाच रुपये दिले, कुणी कपाट दिलं. वाचणाऱ्याला ती अडचण वाटतील, पण ती कृतज्ञता आहे. ती अडगळीत मोजू नये.

चितारगल्ली

काकांना अनुमोदन. पण पहिल्या पानावर नको, पाटी दारात असते, मांडणीसमोर नसते.

पानपालवी

उशीर झाला, क्षमस्व. तीन रविवार गेले, काम झालं. दुवा तोच आहे.

आता सगळ्यात वर वेळ, सुट्टीचा वार आणि फोन नंबर. त्याखाली शोधचौकट, तिच्यावर काळ्या अक्षरांत ‘पुस्तकाचं किंवा लेखकाचं नाव लिहा’. मग चार दुवे, शब्दांत, अधोरेखेसह. त्याखाली या महिन्यात आलेल्या पुस्तकांची साधी यादी. श्राव्य पुस्तकांचा दुवा तिच्यावर, पहिल्या नजरेत किंवा पहिल्या ऐकण्यात यावा असा. फोटो ठेवलाय, पण तळाशी, एकशे साठ केबीचा. फॉन्ट ‘मुक्त’, ओळउंची १.७५, अक्षरांतलं अंतर शून्य, भाषा मराठी नोंदवली. अकरा नियमांचे पाच झाले. ‘विलंब शुल्क आकारण्यात येईल’च्या जागी आता ‘उशीर झाला तर दर दिवसाला एक रुपया’ आहे. देणगीदारांची सगळी नावं, अगदी पहिल्या वहीतल्यांसकट, वेगळ्या पानावर आहेत आणि ‘हे वाचनालय कुणी उभं केलं’ या नावाचा दुवा प्रत्येक पानाच्या पायथ्याशी. ती वही स्कॅन करताना ग्रंथपालबाईंना त्यांच्या आजोबांचं नाव सापडलं, दोन रुपये आठ आणे.

पान पूर्वीइतकं देखणं नाही, कुठल्या स्पर्धेला पाठवणार नाही. फोन मात्र पुन्हा दोन-तीनवर आलेत.

कानसेन

आता ऐकलं. ‘पुस्तकाचं किंवा लेखकाचं नाव लिहा, संपादन चौकट’ असं स्पष्ट ऐकू आलं. चार दुव्यांनंतर लगेच श्राव्य पुस्तकं. आभार, मनापासून. एक राहिलं, यादीतल्या पुढच्या पानाच्या बाणाला अजून नाव नाही.

जुना_वाचक

नातीला न बोलावता वाचलं. शोधूनही पाहिलं. ‘विज्ञान’ लिहिताना फोनच्या कळफलकावर मला ज्ञ पटकन सापडत नाही, मी ‘विद्न्यान’ असं काहीतरी लिहिलं आणि ‘एकही पुस्तक नाही’ असं उत्तर आलं. माझ्यासारखे बरेच असतील. तिथे काही करता येईल का?

पानपालवी

येईल, काका. जवळपासची लेखनरूपं धरून शोधता येतं, र्‍हस्व-दीर्घाचीही तशीच सोय करते. कानसेन, बाणाला ‘पुढची पुस्तकं’ असं नाव आत्ताच दिलं, परत एकदा ऐकून सांगाल का?